जर्मेनियमवाल्या मॅडम

मॅडमचा चिवडा ऑगस्टमध्येही कुरकुरीत असायचा.

नाशिकचा पाऊस म्हणजे काही कोकणातला नव्हे, पण जुलै लागला की आमच्या स्टाफरूममधली बिस्किटं मऊ पडायला लागायची, शेंगदाणे सादळायचे, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हाताला गार लागायचे. अशा दिवसांत मॅडम मधल्या सुटीत प्रयोगशाळेतून मूठभर चिवडा कागदावर घेऊन यायच्या. तो त्या डेसिकेटरमध्ये ठेवत. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं. तळाशी ओलावा शोषून घेणारे निळे खडे असतात आणि वर रसायनं ठेवायची असतात. मॅडमच्या एका डेसिकेटरमध्ये रसायनं होती आणि दुसऱ्यात चिवडा, पापड आणि आईने वणीहून पाठवलेल्या नागलीच्या कुरडया.

"घ्या सर," त्या म्हणायच्या. "कोरडा आहे."

कोरडा हा त्यांच्याकडचा सर्वांत मोठा गौरव होता. एकदा मी विद्यापीठाच्या एका कार्यशाळेत व्याख्यान दिलं. संपल्यावर मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "चांगलं कोरडं झालं." शेजारच्या प्राध्यापकांना वाटलं, आमच्यात काहीतरी बिनसलंय. एखाद्या माणसाबद्दल "कोरडा आहे हो तो" असं त्यांनी म्हटलं, तर त्याच्याकडे घराची किल्ली ठेवायला हरकत नसे.

मी त्या कॉलेजात लागलो तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रसायनशास्त्राचा कनिष्ठ व्याख्याता म्हणून. मॅडम तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोटांवर बारीक भाजल्याच्या खुणा. लग्न केलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, तुमच्याकडे वाहन काय आहे?"

"स्कूटर आहे."

"पुढे पाय ठेवायला जागा आहे ना? सपाट?"

"आहे."

"मग तुम्ही माझ्याबरोबर संशोधन करा."

माझी निवड विषयामुळे झाली नव्हती, स्कूटरमुळे झाली होती. हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं. मॅडमना लिक्विड नायट्रोजन लागायचा, आणि तेव्हा शहरात तो खात्रीने मिळण्याचं ठिकाण म्हणजे जनावरांचं कृत्रिम रेतन केंद्र. तिथे वळूंचं वीर्य त्यात गोठवून ठेवत. मी स्कूटर चालवायचो, पायांत वाफा सोडणारा नायट्रोजनचा कॅन, आणि मागे पदर खोचून मॅडम. केंद्रावरचा माणूस दर वेळी विचारायचा, "मॅडम, गायी किती?"

"गायी नाहीत."

"मग म्हशी?"

"म्हशीही नाहीत. नुसता नायट्रोजन द्या."

तो कॅन भरून द्यायचा, पण त्याचा विश्वास बसलेला नसायचा. मॅडम शहराबाहेर कुठेतरी चोरून गोठा चालवतात, असं त्याचं मत झालं होतं. आर्गॉन वायूचं सिलिंडर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून यायचं. त्याने मात्र कधी काही विचारलं नाही. स्टीलच्या जिन्यांना तोच वायू लागतो. मॅडम जिने बनवतात असं त्याने गृहीत धरलं होतं.

हे सगळं कशासाठी, ते एकदा सांगायला हवं.

कार्बन दुसऱ्या कार्बनला दोन हातांनी धरू शकतो. याला दुहेरी बंध म्हणतात आणि त्यात नवल काही नाही. केळी पिकवणाऱ्या वायूत हाच बंध असतो. जर्मेनियम हे मूलद्रव्य कार्बनच्याच उभ्या रांगेत दोन घरं खाली बसतं. स्वभाव पुष्कळसा तोच, पण अंगाने थोराड. त्यामुळे त्याचा दुसरा हात कार्बनपर्यंत नीट पोहोचत नाही. जर्मेनियम आणि कार्बन यांच्यातला दुहेरी बंध टिकत नाही, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलेलं होतं आणि आम्ही ते तसंच शिकवत होतो. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परदेशात काही लोकांनी तो टिकवून दाखवला. युक्ती अशी की त्या बंधाच्या दोन्ही बाजूंना मोठाले, अडदांड अणुगट उभे करायचे. मॅडम त्यांना पैलवान म्हणत. पैलवान दारात उभे राहिले की बाहेरचं कुणी बंधापाशी पोहोचत नाही, आणि बंध शाबूत राहतो. पण पाण्याचा रेणू इतका बारका की तो पैलवानांच्या बगलेतूनही आत शिरतो, आणि शिरला की संपलं. हवेतला प्राणवायूही तेच करतो.

म्हणून मॅडमचं पाण्याशी वैर होतं. ते इतकं सरळ होतं.

त्या सुमारास मॅडम वर्षभर फ्रान्सला जाऊन आल्या होत्या, दुसऱ्याच कामासाठी. तिथे कुणीतरी त्यांना असल्या संयुगाची बंद नळी बघायला दिली. आत नारिंगी स्फटिक होते. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत बुरेट धुता धुता. "माझ्या हातात दिली होती नळी. मी बघितली आणि परत दिली." मग बराच वेळ बुरेटमधून पाणी वाहत राहिलं. "परत द्यायलाच हवी होती म्हणा. त्यांची होती."

तेव्हापासून त्यांना स्वतःची हवी होती. त्यांनी पैलवानांची एक वेगळी जोडी ठरवली होती, जी कुणी वापरलेली नव्हती, आणि ती घेऊन त्या नाशिकच्या कॉलेजात कामाला लागल्या. तिथे चार वर्ग, दोन फळे आणि एक गळका नळ होता. नळ त्यांनी पहिल्या महिन्यातच बंद करवून घेतला.

पावसाळ्यात त्या प्रयोग करत नसत. "जून ते सप्टेंबर मी फक्त शिक्षिका असते," असं सांगत. सिंहस्थ आला तेव्हा सगळा देश पाण्यात उतरायला आमच्या गावात लोटला. मॅडम रजा टाकून आईकडे वणीला गेल्या. "एवढ्या पाण्यात मला सुचत नाही," म्हणाल्या. दसरा झाला, हवा हलकी झाली, की भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे त्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. द्राक्षबागायतदारही याच दिवसांत दवाने हैराण असतात. वणीकडचे दोघे-तिघे तर फवारणी करू का, हे विचारायला त्यांना कॉलेजच्या फोनवर गाठायचे. मॅडम आकडा सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "मी तरी आज करणार नाही." पलीकडचाही फवारणी पुढे ढकलायचा.

प्रयोगाच्या दिवशी केस धुतलेल्या माणसाला खोलीत प्रवेश नसे. माझ्या बायकोने एकदा मला अभ्यंगस्नान घालून पाठवलं. मॅडमनी दारातूनच माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही आज वर्ग घ्या."

प्राचार्यांना हे सगळं पटत नव्हतं, पण कशाला नाही म्हणायचं हे त्यांना कळत नव्हतं. भला माणूस. वाणिज्य शाखेचा. एकदा ते पाहुण्यांना कॉलेज दाखवत आमच्या खोलीत आले. नेमक्या त्याच वेळी मॅडम सिरिंजने एक द्रव काढत होत्या. तो हवेत आला की आपोआप पेटतो. सुईच्या टोकावर छान जांभळट ज्योत उभी होती. मॅडमनी ती वाळूत खुपसून विझवली आणि वळून नमस्कार केला.

"मॅडम, हे धोक्याचं तर नाही ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर. हवा लागली तर पेटतं, एवढंच."

पाहुण्यांनी खोली पटकन पाहून घेतली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं.

"तुम्ही अर्जात लिहिलंय, स्थिर संयुग. आणि हे सर म्हणतात, हवा लागली की जातं, पाणी लागलं की जातं. मग स्थिर कसलं?"

मॅडमनी विचार केला. "सर, तुम्हाला पाण्याखाली धरलं तर तुम्ही किती वेळ टिकाल?"

प्राचार्य माझ्याकडे बघू लागले.

"तरी आम्ही तुम्हाला स्थिरच म्हणतो," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. त्या खरंच समजावून सांगत होत्या.

पण टिकत नव्हतं, हे खरंच होतं. दर हिवाळ्यात आम्ही शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचायचो. थंड केलेलं मिश्रण हळूहळू खोलीच्या तापमानाला यायचं, आणि फिकट पिवळ्यातून एकाएकी नारिंगी व्हायचं. असा नारिंगी मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मग आमच्या डोळ्यांदेखत तो विरत जायचा. आधी कडेने, मग मधून. तासाभरात फ्लास्कमध्ये पांढरट पाणचट काहीतरी उरायचं. मॅडम घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "आलं होतं." मग चहाला जायच्या.

कुठूनतरी पाणी आत येत होतं. कुठून, याचा शोध त्यांनी वर्षानुवर्षं घेतला. आधी वेल्डिंगवाल्याच्या आर्गॉनवर संशय घेतला आणि त्याचा वायू तापलेल्या तांब्यावरून आणि वाळवणाऱ्या खड्यांतून नेला. मग काचेच्या तोट्यांचं ग्रीस बदललं. मग माझ्या श्वासावर संशय आला. एक अख्खा हिवाळा मी तोंडाला रुमाल बांधून काम केलं. मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. शेवटी त्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांकडे गेल्या आणि व्हरांड्यातल्या कुंड्या हलवायला सांगितल्या.

"का हो?"

"तुमची झाडं पाणी सोडतात."

"झाडं सोडणारच, मॅडम."

"माझी तक्रार झाडांबद्दल नाही. जागेबद्दल आहे."

कुंड्या हलल्या. नारिंगी रंग आला आणि गेला.

या सगळ्या काळात मॅडम दर रविवारी वणीला जायच्या. दिंडोरीवरून एसटीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. वडील गेले होते. आई धाकट्या भावाकडे, शेतातल्या घरात राहायची. फ्रान्सहून मॅडम परत आल्या त्या वडिलांच्या दुखण्यामुळे आणि मग राहिल्या आईसाठी, असं मला वाटतं. त्यांनी कधी तसं म्हटलं नाही. आईला मुलीचं काम काय आहे ते माहीत नव्हतं, पण लोकांना उत्तर तर द्यावं लागतं. एकदा ती कॉलेजात आली होती, तेव्हा मॅडम गॅसच्या ज्योतीवर काचेची नळी वाकवत होत्या. त्यावरून तिने ठरवून टाकलं. वणीत ती सांगायची, "माझी ताई काचंचं काम करते." त्यामुळे गावातल्या बायका मॅडमकडे तडकलेले आरसे आणि कंदिलाच्या काचा घेऊन यायच्या. कंदिलाच्या काचा मॅडम खरंच नीट करून देत. आरसे परत देत.

आईच्या मनात एक दुसरी गोष्ट होती, आणि ती तिने मला एकदा मॅडमच्या पाठीमागे बोलून दाखवली. मी मॅडमना स्कूटरवर वणीला घेऊन गेलो होतो. मॅडम आत चहा टाकत होत्या.

"सर, तुमी तिच्याबरूबर ऱ्हाता. खरं सांगा. तिचं काम व्हतंय का?"

"होईल, आजी."

"व्हईल म्हंजे नाय झालं." म्हातारीने तोंड माझ्याकडे वळवलं. मोतीबिंदूने डोळे दुधी झाले होते. "लय हुशार पोर हाय. लगीन नाय, लेकरू नाय, मला त्याचं काय नाय. पर कायतरी हातात याया पायजे ना मानसाच्या. मी मरन्याआधी मला कायतरी दाखव म्हनावं."

मी हे मॅडमना सांगितलं नाही. पण परत येताना दिंडोरीजवळ त्या मागून म्हणाल्या, "ती तुम्हालाही म्हणाली ना?" मी हो म्हटलं.

मग कॉम्प्युटर आले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि प्रत्येक कॉलेजाला कॉम्प्युटरची प्रयोगशाळा हवी होती. प्राचार्यांना त्यासाठी मॅडमचीच खोली योग्य वाटली. त्यांनी तसं सांगायला बोलावलं तेव्हा सोबत उपप्राचार्य आणि एक विश्वस्तही बसवून घेतले होते. मोठी बाचाबाची होणार, अशी त्यांची अपेक्षा होती. माझीही होती.

"मॅडम, काळाबरोबर जायला हवं," विश्वस्त म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही त्या खोलीत... म्हणजे, निष्पन्न काय झालं?"

"अजून काही नाही," मॅडम म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी."

"कॉम्प्युटरला एसी लागतो का?"

विश्वस्तांनी प्राचार्यांकडे पाहिलं. "लागतो ना. धूळ, दमटपणा चालत नाही त्यांना."

"मग आणा," मॅडम म्हणाल्या. "मला कोपऱ्यातला ओटा ठेवा. बाकी खोली त्यांना द्या."

बाहेर आल्यावर मी रागावलो होतो. मी म्हणालो की आपण जरा लढायला हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "कशाला? दमटपणा न चालणारे आपल्यासारखे आणखी कुणी येतायत. येऊ दे."

खोलीत प्लायवूडची भिंत पडली. पलीकडे बारा-पंधरा कॉम्प्युटर, अलीकडे आम्ही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एसी बसवायला मेकॅनिक आला. दुपारची वेळ होती. मॅडम स्टुलावर बसून त्याचं काम बघत होत्या, कारण तो त्यांच्या ओट्याशेजारीच भिंतीला भोक पाडत होता आणि धूळ उडत होती. त्याने पिशवीतून तांब्याच्या बारीक नळीचं वेटोळं काढलं आणि उलगडायला सुरुवात केली.

"हे कशाला?" मॅडमनी विचारलं.

"गॅसची लाइन, मॅडम."

"रबरी नळी का नाही लावत?"

"रबरी?" तो हसला. "टिकल का ती? तांब्याचीच लावत्यात सगळे."

त्याने ते तसंच म्हटलं, आणि भोक पाडायला लागला. मॅडम मात्र स्टुलावरून उठल्या. आमच्या आर्गॉनच्या सिलिंडरपासून काचेच्या उपकरणापर्यंत लाल रंगाची जाड रबरी नळी गेली होती. मी कॉलेजात आलो तेव्हापासून ती तिथेच होती. मॅडमनी ती दोन बोटांत धरली, जरा दाबली, सोडली. रबर हवाबंद दिसतं, पण असतं असं नाही. हवेतली वाफ आणि प्राणवायू त्यातून अगदी थोडे थोडे, सावकाश आरपार जातात. हे पुस्तकांत आहे. दोघांनी वाचलेलं होतं. मॅडमनी तर ते शिकवलंही होतं.

त्या नळी धरून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही काचेतलं पाणी शोधलं, वायूतलं शोधलं, माझ्या श्वासातलं शोधलं, शेजारच्यांच्या कुंड्यांतलं शोधलं.

"सर," त्या म्हणाल्या, "आपण गाढव आहोत."

आपण म्हणाल्या, याचं मला बरं वाटलं.

मेकॅनिकने उरलेल्या तांब्याच्या नळीची आम्हाला लाइन करून दिली. तिला तो "मॅडमचा छोटा एसी" म्हणायचा.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, आम्ही पुन्हा शेवटच्या पायरीवर आलो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. प्लायवूडच्या पलीकडे पहिल्या वर्षाची बॅच बसली होती आणि शिकवणारा तरुण मोठ्याने सांगत होता, "फाइलवर जा. सेव्ह करा. सेव्ह केलं नाही तर सगळं जाईल." अलीकडे मिश्रण पिवळं झालं. मग नारिंगी झालं.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. सवयीने कडेकडे बघत होतो, कारण विरणं नेहमी कडेने सुरू व्हायचं. कड तशीच होती.

"आलं," मी म्हणालो.

"ते दर वेळी येतं," मॅडम म्हणाल्या.

तास झाला. पलीकडची बॅच गेली, दुसरी आली. पुन्हा फाइल, पुन्हा सेव्ह. रंग होता तिथेच होता. घंटा झाली.

"सर, तुमचा वर्ग आहे ना?"

"मॅडम, आज..."

"जा. मुलं वाट बघत असतील."

मी गेलो. काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही. परत आलो तेव्हा मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि समोर फ्लास्क नारिंगी होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "हा जात नाहीये." तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या. मग साडीच्या पदराने डोळे पुसले, आणि पदर ओला झालेला पाहून उठून खोलीच्या बाहेर गेल्या.

स्फटिक यायला आणखी काही आठवडे लागले. मॅडमनी ते काचेच्या बारीक नळ्यांत भरले आणि ज्योतीवर नळ्यांची तोंडं वितळवून कायमची बंद केली. एक नळी पुण्याला न्यायची होती. तिथल्या एका संस्थेत क्ष-किरणांनी स्फटिकाची तपासणी होते आणि अणू-अणूंमधलं अंतर मोजता येतं. जर्मेनियम आणि कार्बन एका हाताने धरलेले असले तर अंतर जास्त, दोन हातांनी धरलेले असले तर कमी. हे अंतर कळेपर्यंत नारिंगी रंगाला काही अर्थ नव्हता.

आम्ही एसटीच्या एशियाड बसने गेलो. नळी कापसात, कापूस स्टीलच्या डब्यात, डबा मॅडमच्या मांडीवर. सिन्नरच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "मॅडम, डबा वर ठेवू का?"

"नको. काच आहे."

"काचेचा डबा?"

"डबा स्टीलचा आहे."

तो थोडा थांबला आणि पुढे गेला. संगमनेरला गाडी चहासाठी थांबली; मॅडम उतरल्या नाहीत. नारायणगावला मी उसाचा रस आणू का विचारलं, तर नको म्हणाल्या. पुण्यात एका तरुण शास्त्रज्ञाने डबा घेतला, आदराने बोलला, आणि दोन-तीन आठवड्यांत कळवतो म्हणाला. मॅडम रिकामा डबा मांडीवर घेऊन परत आल्या.

फोन कॉलेजच्या ऑफिसात आला. हेडक्लार्कने शिपायाला पाठवून मॅडमना बोलावलं. मीही मागोमाग गेलो. मॅडमनी रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाल्या, "परत सांगा." पुन्हा ऐकलं. "हो. ठीक आहे. आभारी आहे." रिसीव्हर ठेवला.

हेडक्लार्क काळजीने बघत होते. "मॅडम, काही वाईट बातमी?"

"नाही. लांबी कळली."

"प्लॉटची?"

"नाही हो. छोटी आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक पूर्णांक आठच्या आसपास. दोन हातांनी."

संशोधनपत्र छापून आलं. बाहेरदेशी पाच-सहा लोकांनी पत्रं पाठवली. आमच्या गावात त्याची बातमी एका स्थानिक वर्तमानपत्राने दिली. वार्ताहराने फोनवर माहिती घेतली होती आणि लाइन खराब होती. मथळा असा होता: "नाशिकच्या प्राध्यापिकेला जर्मनीशी दुहेरी संबंध जोडण्यात यश." विश्वस्तांनी मॅडमचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार केला आणि भाषणात दोन्ही देशांच्या मैत्रीचा उल्लेख केला. मॅडमनी आभार मानले. पुष्पगुच्छ ओला होता. तो त्यांनी माझ्याकडे दिला.

त्या रविवारी आम्ही वणीला गेलो. स्कूटरवर, त्याच डब्यात दुसरी नळी घेऊन. आई ओसरीवर बसली होती. मॅडमनी कापूस बाजूला केला आणि नळी तिच्या हातात दिली.

आईने ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, उन्हाकडे धरली, फिरवली.

"नारिंगी हाय."

"हो."

"तू केलं?"

"मी केलं. आणि या सरांनी."

"काचंचं?"

"आतलं. काच नुसती वरून."

आई पुष्कळ वेळ बघत राहिली. "काय कामाचं असतंय हे?"

माझ्या मनात उत्तरं तयार होती. मॅडमनी एकही दिलं नाही. म्हणाल्या, "काही नाही, आई. असं असत नाही असं लोक म्हणत होते. असतं."

आईने मान डोलावली, जणू हे तिला पुरेसं होतं. मग नळी मुठीत धरून भिंतीच्या आधाराने उठली आणि आत गेली. परत आली तेव्हा हात रिकामा होता. मॅडमनी ती परत मागितली नाही.

पुढच्या चैत्रात मी गडावर देवीच्या दर्शनाला निघालो होतो. रस्ता वणीवरूनच जातो, आणि मॅडम सुट्टीत तिथेच होत्या, म्हणून सकाळी त्यांच्याकडे थांबलो. आईची पूजा चालू होती. मी चपला काढून आत गेलो. देवघरासमोर पाटावर म्हातारी बसली होती, शेजारी मॅडम जमिनीवर. तांब्याच्या ताम्हणात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, चांदीचे टाक, आणि त्यांच्यात आडवी ठेवलेली ती नळी. आतले स्फटिक जसे होते तसे, झळझळीत नारिंगी.

आई तांब्यातून त्या सगळ्यांवर पाण्याची धार धरत होती. पाणी काचेवरून घसरून ताम्हणात साचलं होतं आणि नळी त्यात अर्धी बुडाली होती.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या नळीकडे बघत होत्या.

आईची धार थांबली. तिच्या मनात काहीतरी आलं असावं. तांब्या हातात तसाच धरून तिने लेकीला विचारलं, "ताई, मी याला रोज आंघूळ घालते गं. पानी चालतंय ना याला?"

मॅडमनी पाण्यात बुडालेल्या नळीच्या वितळवून बंद केलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"चालतं," म्हणाल्या.

आईने तांब्या पुन्हा कलता केला.